हकीम साहेबांचं नाव औषधाला देणारा शास्त्रज्ञ: डॉ. सलीमुज्जमान सिद्दीकी

हृदयाच्या ठोक्यांचा एक जन्मजात आजार आहे, ब्रुगाडा सिंड्रोम. माणूस वरून ठणठणीत दिसतो, साधा ईसीजीही कधी कधी बरोबर येतो, पण आतली विजेची लय बिघडलेली असते आणि एखाद्या रात्री झोपेतच हृदय थांबू शकतं. हा लपलेला आजार उघडा पाडण्यासाठी युरोपातल्या मोठ्या रुग्णालयांत शिरेतून हळूहळू एक औषध देतात आणि ईसीजीवर नजर ठेवतात. त्या औषधाचं नाव अजमलीन. हे नाव दिल्लीच्या मसीह-उल-मुल्क हकीम अजमल खान यांच्यावरून आलेलं आहे, हे तिथल्या बहुतेक डॉक्टरांना ठाऊकही नसेल.

हे नाव ज्यांनी दिलं ते डॉ. सलीमुज्जमान सिद्दीकी. हकिमांच्या पोटलीतली मुळी त्यांनी प्रयोगशाळेच्या टेबलावर आणली आणि तिच्या आत नेमकं काय आहे, असा साधा प्रश्न विचारला. आज जगभर नैसर्गिक पदार्थांतून नवी औषधं शोधण्यासाठी मेटाबोलोमिक्स नावाचं नवं शास्त्र वापरलं जातं. त्या शास्त्राची गरज का पडली, हे समजून घ्यायचं असेल तर सिद्दीकी साहेबांच्या आयुष्याइतकं चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. त्यात त्यांचं यश आहे, आणि त्यांच्या हातून निसटलेली एक मोठी गोष्टही आहे.

अवधचा मुलगा, फ्रँकफर्टची प्रयोगशाळा

सलीमुज्जमान यांचा जन्म १९ ऑक्टोबर १८९७ रोजी लखनौजवळच्या बाराबंकी जिल्ह्यातल्या सुबेहा गावी झाला. घरात तालीम होती, उर्दू-फारसीचा रियाज होता. त्यांचे थोरले बंधू चौधरी खलीकुज्जमान पुढे मुस्लिम लीगचे मोठे पुढारी झाले. धाकट्याचा ओढा मात्र राजकारणाकडे नव्हता. लखनौमध्ये शालेय शिक्षण झाल्यावर ते अलिगढच्या मोहमेडन अँग्लो ओरिएंटल कॉलेजात गेले. तिथून १९१९ साली ते पदवीधर झाले, आणि विषय कोणते, तर तत्त्वज्ञान आणि फारसी!

१९२० मध्ये ते डॉक्टर व्हायला लंडनला गेले, पण वर्षभरातच वैद्यकीचा नाद सोडून जर्मनीत फ्रँकफर्ट विद्यापीठात रसायनशास्त्र शिकू लागले. फारसीच्या पदवीधरानं जर्मन भाषेत रसायनशास्त्र शिकायचं, म्हणजे सगळं पहिल्यापासून. पण त्या काळी सेंद्रिय रसायनशास्त्रात जर्मनीचा हात धरणारं कुणी नव्हतं. सिद्दीकींना गुरू मिळाले ज्युलियस फॉन ब्राउन. नायट्रोजन असलेल्या सेंद्रिय संयुगांचे ते जाणकार होते, आणि वनस्पतींमधली बरीच जालीम औषधी द्रव्यं याच जातीची असतात. त्यांना अल्कलॉइड म्हणतात. अफूतलं मॉर्फीन, सिंकोना झाडाच्या सालीतलं क्विनीन ही त्यातली ओळखीची नावं.

१९२७ मध्ये सिद्दीकींना डॉक्टरेट मिळाली. याच काळात त्यांनी एका जर्मन सहाध्यायिनीशी लग्न केलं. ते चित्रंही काढायचे, आणि फ्रँकफर्टमध्ये त्यांच्या चित्रांचं प्रदर्शनही भरलं होतं. चित्रकलेचा हा शौक त्यांनी आयुष्यभर जपला.

हकीम साहेबांचं स्वप्न

इकडे दिल्लीत हकीम अजमल खान एका वेगळ्याच विचारात होते. शरीफी घराण्याचे हे हकीम म्हणजे त्या काळातलं मोठं नाव. १९२१ च्या अहमदाबाद काँग्रेसचे ते अध्यक्ष होते, जामिया मिलिया इस्लामियाचे पहिले कुलपती होते. करोलबागेत त्यांनी आयुर्वेदिक अँड युनानी तिब्बिया कॉलेज उभं केलं. १९१६ मध्ये त्याची पायाभरणी झाली आणि फेब्रुवारी १९२१ मध्ये गांधीजींच्या हस्ते उद्घाटन. वैद्य आणि हकीम एकाच छताखाली शिकतील, अशी ही जागा होती.

पण हकीम साहेबांना एवढ्यावर थांबायचं नव्हतं. पिढ्यान् पिढ्या वापरातली औषधं नव्या शास्त्राच्या कसोटीवर घासून पाहिली पाहिजेत, असं त्यांचं मत होतं. आपल्या तिब्बवर त्यांचा विश्वास होता, म्हणूनच तिची परीक्षा घ्यायला ते घाबरत नव्हते. त्यासाठी कॉलेजात एक संशोधन संस्था हवी होती आणि ती चालवायला नव्या रसायनशास्त्रात तयार झालेला माणूस हवा होता. तो माणूस सिद्दीकींच्या रूपानं मिळाला. मात्र काम उभं राहण्याआधीच, डिसेंबर १९२७ च्या अखेरीस, हकीम साहेबांचा इंतिकाल झाला. पाठीवर हात ठेवणारा बुजुर्ग गेला, पण तरुण सिद्दीकींनी काम सोडलं नाही. तिब्बिया कॉलेजच्या संशोधन संस्थेची धुरा त्यांनी १९४० पर्यंत सांभाळली.

असरोलची मुळी

सिद्दीकींनी हाती घेतलेल्या वनस्पतींत एक होती सर्पगंधा. युनानीत तिला असरोल म्हणतात. बिहार आणि उत्तर प्रदेशाकडे लोक तिला थेट पागल बूटी म्हणायचे. डोकं फिरलेल्या, रात्र रात्र न झोपणाऱ्या रुग्णाला या मुळीची पूड दिली की तो शांत होतो, हा अनुभव हकिमांना आणि वैद्यांना होता. पण मुळीतलं नेमकं कुठलं द्रव्य हे करतं, ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

हे शोधायची पद्धत ऐकायला सोपी वाटते. मुळीची पूड अल्कोहोलमध्ये भिजवायची, तिचा अर्क काढायचा. अल्कलॉइड हे क्षारधर्मी असतात, म्हणून ते आम्लात विरघळतात. मग त्यात अमोनियासारखा क्षार घातला की पुन्हा बाहेर पडतात. त्यांना वेगवेगळ्या द्रावणांतून पुन्हा पुन्हा विरघळवून, गाळून, सुकवून शुद्ध स्फटिक मिळवायचे. प्रत्यक्षात यात महिने जातात. किलोकिलो मुळ्यांतून चिमूटभर स्फटिक हाती येतात, आणि एखादी पायरी चुकली की तेवढेही जातात.

१९३१ मध्ये सिद्दीकी आणि त्यांचे सहकारी रफत हुसेन सिद्दीकी यांनी सर्पगंधेच्या मुळीतून पाच अल्कलॉइड वेगळे केल्याचं जाहीर केलं. तीन पांढरे: अजमलीन, अजमलिनीन आणि अजमलिसीन. दोन पिवळे: सर्पेंटीन आणि सर्पेंटिनीन. पिवळ्यांना झाडाचं नाव मिळालं आणि पांढऱ्या तिघांना हकीम साहेबांचं. शागीर्दानं उस्तादाला याहून मोठी श्रद्धांजली काय द्यावी? ज्या संस्थेचं स्वप्न बघत हकीम साहेब गेले, तिथूनच त्यांचं नाव जगाच्या औषधकोशात पोहोचलं.

योगायोग असा, की त्याच १९३१ साली कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोन डॉक्टरांनी सर्पगंधा रुग्णांना दिली आणि ती मनोविकार शांत करते, शिवाय वाढलेला रक्तदाबही उतरवते, असं नोंदवलं. म्हणजे दिल्लीत मुळी उकलली जात होती आणि कोलकात्यात तिचा असर तपासला जात होता.

जे हातून निसटलं

आता गोष्टीतली खरी गाठ. सर्पगंधेचा रक्तदाब उतरवणारा आणि मन शांत करणारा मुख्य घटक सिद्दीकींच्या पाच स्फटिकांत नव्हता! अजमलीन हृदयाच्या लयीवर काम करतं आणि त्या कामी ते पुढे फार उपयोगी पडलं. पण ज्या गुणासाठी हकीम ही मुळी देत होते, तो गुण त्यात नव्हता.

मग तो होता कुठे? अल्कलॉइड काढून घेतल्यावर मागे जो चिकट, राळेसारखा भाग उरायचा, त्यात. त्या उरलेल्या भागातही गुंगी आणणारा गुण आहे, असं भारतातल्या संशोधकांच्या १९४० च्या दशकात लक्षात आलं. पण त्यातलं द्रव्य शुद्ध रूपात हाती लागलं ते थेट १९५२ मध्ये, स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात, सीबा या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत. त्याला नाव मिळालं रिसर्पीन. दिल्लीच्या पहिल्या स्फटिकांपासून इथवर एकवीस वर्षं गेली.

याच्या अलीकडे एक टप्पा आपल्या मुंबईत झाला. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांना सर्पगंधा देऊन काटेकोर नोंदी ठेवल्या, आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध छापला. तो वाचून पश्चिमेतल्या डॉक्टरांचं लक्ष या मुळीकडे वळलं. डॉ. वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

रिसर्पीन आल्यावर १९५० च्या दशकात रक्तदाबाचा आणि मनोरुग्णांचा उपचार बदलून गेला. एवढंच नाही, रिसर्पीन मेंदूतली काही रसायनं रिकामी करतं हे कळल्यावर मेंदूचं शास्त्रच पुढे सरकलं. स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी रिसर्पीन देऊन निपचित झालेल्या प्राण्यांना एल-डोपा दिलं, तर ते पुन्हा हालचाल करू लागले. पार्किन्सनच्या आजारावर आज ज्या गोळ्या देतात, त्यांची वाट इथूनच निघाली, आणि २००० साली कार्लसन यांना नोबेल मिळालं.

यात सिद्दीकींची चूक नव्हती. त्या काळाची पद्धतच अशी होती, की जे स्फटिक बनून समोर येईल तेवढंच दिसायचं. जे राळेत अडकून राहायचं, जे फार थोडं असायचं, ते गाळणीतच राहून जायचं.

हजेरीपटावर सगळी नावं

नेमकी हीच अडचण सोडवायला आजचं मेटाबोलोमिक्स पुढे आलं आहे. नाव जड आहे, कल्पना सोपी आहे. कुठलीही जिवंत पेशी हजारो छोटे रेणू बनवत असते: साखर, आम्लं, रंगद्रव्यं, सुगंध, विष, औषध. या सगळ्यांना मिळून मेटाबोलोम म्हणतात. पूर्वीचा शास्त्रज्ञ भरलेल्या वर्गातून एकेका मुलाला बाहेर बोलावून नाव विचारायचा. मेटाबोलोमिक्स आधी संपूर्ण वर्गाची हजेरी घेतं.

ती कशी? अर्काचा एक थेंब एका बारीक नळीतून दाबानं पाठवतात. वेगवेगळे रेणू वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. पुढे मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं यंत्र प्रत्येकाचं वजन अतिशय अचूक मोजतं, त्याचे तुकडे करतं आणि तुकड्यांचंही वजन घेतं. हे तुकडे म्हणजे रेणूच्या बोटांचे ठसे. दुसरं यंत्र, एनएमआर, रेणूतल्या अणूंची मांडणी सांगतं. मग संगणक हे ठसे आधीच्या नोंदींशी ताडून पाहतो. त्यातून दोन कामं होतात.

पहिलं, जे रेणू आधीच माहीत आहेत ते लगेच बाजूला निघतात. नाहीतर वर्षभर राबून शेवटी जुनंच द्रव्य पुन्हा सापडायचं, असं कितीतरी प्रयोगशाळांत व्हायचं. दुसरं काम जास्त मोलाचं. अर्काचे अनेक भाग करायचे, प्रत्येक भाग जिवाणूवर किंवा पेशींवर तपासायचा, आणि ज्या ज्या भागात गुण दिसतो तिथे कुठला रेणू वाढलेला आहे, हे गणितानं शोधायचं. सर्पगंधेच्या त्या राळेसारख्या भागावर हा प्रयोग झाला असता, तर रिसर्पीनची खूण फार लवकर दिसली असती. एकवीस वर्षं लागली नसती.

पण एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. हजेरीपट कोण आलंय एवढंच सांगतो, काम कोणी केलं हे सांगत नाही. यंत्रानं बोट दाखवलं, तरी तो रेणू वेगळा काढावा लागतो, शुद्ध करावा लागतो, आधी प्राण्यांवर आणि मग माणसांवर तपासावा लागतो. म्हणजे शेवटी सिद्दीकींनी केलेलं तेच जुनं, चिवट काम पुन्हा करावं लागतं.

कडुनिंबापासून पुण्यापर्यंत

१९४० मध्ये सिद्दीकी सरकारी विज्ञान संशोधनाच्या कामात गेले. त्यातूनच पुढे शांतिस्वरूप भटनागर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, म्हणजे सीएसआयआर, उभी राहिली. इथे त्यांनी प्रत्येक गावात असलेलं झाड हाती घेतलं, कडुनिंब. १९४२ मध्ये त्यांनी निंबोळीच्या तेलातून निंबिन, निंबिनीन आणि निंबिडीन ही कडू द्रव्यं वेगळी केली. कडुनिंबाच्या कडूपणामागची द्रव्यं अशी पहिल्यांदाच नावानिशी समोर आली.

इथेही तीच गोष्ट पुन्हा घडली. किडींना पळवणारा कडुनिंबातला सर्वात जबर रेणू, ॲझाडिरॅक्टिन, १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये वेगळा काढला गेला. त्याची रचना इतकी गुंतागुंतीची, की ती पक्की व्हायला १९८० चं दशक उजाडलं.

आज त्याच सीएसआयआरची पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी अलीकडच्या काळात कडुनिंबाचं पान, फूल, फळ, बी असे वेगवेगळे भाग घेऊन, मास स्पेक्ट्रोमीटरवर त्यातल्या या जातीच्या कितीतरी रेणूंची एकत्र मोजणी केली. कुठल्या भागात कुठला रेणू किती, आणि झाड तो बनवतं तरी कसं, हे त्यातून उलगडत गेलं. सिद्दीकींनी तेलातून एकेक करून बाहेर काढलेल्या कुटुंबाची ही संपूर्ण हजेरी म्हणायला हरकत नाही.

कराचीतली दुसरी खेळी

फाळणीनंतर चार वर्षं सिद्दीकी भारतातच होते. १९५१ मध्ये पाकिस्तानचे पंतप्रधान लियाकत अली खान यांच्या निमंत्रणावरून ते कराचीला गेले. तिथे १९५३ मध्ये त्यांनी सीएसआयआरच्या धर्तीवर तशीच परिषद उभी केली. १९६१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्यांना फेलो म्हणून निवडलं.

१९६६ मध्ये ते निवृत्त झाले. वय जवळपास सत्तर. एवढ्या वयात माणूस नातवंडांत रमतो. हे कराची विद्यापीठात गेले आणि रसायनशास्त्राची पदव्युत्तर संशोधन संस्था सुरू केली. १९७६ मध्ये जमाल घराण्याच्या मोठ्या देणगीमुळे ती विस्तारली आणि हुसेन इब्राहिम जमाल यांच्या नावानं ओळखली जाऊ लागली. नैसर्गिक पदार्थांच्या रसायनशास्त्रात या संस्थेनं जगभर नाव कमावलं. १९९० पर्यंत, म्हणजे नव्वदी ओलांडेपर्यंत, सिद्दीकी तिचे संचालक होते. १४ एप्रिल १९९४ रोजी कराचीत त्यांचा इंतिकाल झाला.

आपल्यासाठी काय?

आपल्या घरांत औषधी वनस्पतींबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, हकिमी म्हणजे जुनाट, त्यात काही अर्थ नाही. दुसरं म्हणतं, आपल्या बुजुर्गांना सगळं ठाऊक होतं, तपासायची गरजच काय. सिद्दीकींचं आयुष्य दोघांनाही उत्तर देतं. हकिमांना अनुभवातून खरंच काहीतरी सापडलं होतं, नाहीतर सर्पगंधेतून रिसर्पीन निघालंच नसतं. पण तो अनुभव तपासून पाहिल्यावरच त्यातून सगळ्यांच्या कामाचं औषध झालं.

दुसरी गोष्ट घरच्या तब्येतीची. झाडपाल्याचं म्हणून निर्धोक, असं काही नसतं. रिसर्पीनचा डोस मिलिग्रॅमच्या छोट्याशा हिश्शात मोजतात. तो जास्त झाला तर रक्तदाब फार उतरतो, नाडी मंदावते, मन खिन्न होतं; काही रुग्णांना गंभीर नैराश्य आल्याचंही डॉक्टरांनी पाहिलं. म्हणून बाजारातून सर्पगंधेची पूड आणून, कुणी सांगितलं म्हणून घरीच बीपीसाठी घेऊ नका. त्यात दुसऱ्याच जातीच्या मुळ्यांची भेसळही होते. ती पकडायलाही आता मेटाबोलोमिक्स वापरतात, कारण प्रत्येक मुळीची हजेरी वेगळी असते. आणि आधीच बीपीची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोबत काहीच सुरू करू नका.

आणखी एक. सर्पगंधेची मुळीच उपटावी लागते, म्हणजे झाड मरतं. रिसर्पीनची मागणी वाढली तशी जंगलातली सर्पगंधा इतकी ओरबाडली गेली, की शेवटी तिच्या निर्यातीवर निर्बंध आणावे लागले. अल्लाहनं दिलेली नेमत जपून वापरायची असते, हा धडाही या मुळीनं दिला.

शेवटची गोष्ट मुलांसाठी. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, मालेगाव इथे युनानीची महाविद्यालयं आहेत. आपली कितीतरी मुलं-मुली बीयूएमएस करतात, तेवढीच फार्मसी आणि केमिस्ट्रीला जातात. बहुतेकांना दवाखाना किंवा नोकरी एवढंच पुढे दिसतं. हे दोन वर्ग एकमेकांशी बोलायला लागले तर बरंच काही होऊ शकतं. युनानीच्या किताबांत शेकडो मुफ्रदात, म्हणजे एकेरी औषधं, नोंदलेली आहेत. कुठली औषधी कुठल्या आजारावर, कुठल्या मिजाजाला, किती प्रमाणात द्यायची, हे त्यात लिहिलेलं आहे. त्यातल्या बऱ्याच औषधींची पूर्ण हजेरी अजून कुणी घेतलेली नाही. युनानी शिकलेल्याला कुठे शोधायचं ते माहीत असतं, रसायनशास्त्र शिकलेल्याला कसं शोधायचं ते. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात हे दोघं एकत्र आले, तेव्हा अजमलीन जन्माला आलं. घरात बारावी सायन्सचं मूल असेल, त्याला जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र दोन्ही आवडत असेल, तर त्याला सलीमुज्जमान सिद्दीकींचं नाव जरूर सांगा. फारसीचा पदवीधर हे करू शकला, हेही सांगा.